ओढ्याकाठचा देवदार

हिमालयाच्या एका उतारावर, ओढ्याकाठच्या देवदाराच्या ढोलीत एक खार राहत असे. देवदार उंच, दाट आणि बाराही महिने हिरवागार होता. ओढ्याचे पाणी सदैव पायाशी असल्यामुळे मुळे खोल धाडण्याची त्याला कधी गरजच पडली नव्हती. खारीला आपल्या झाडाचा फार अभिमान. वर कड्यावर, खडकाच्या भेगेत दुसरा एक देवदार होता. वय तेवढेच, पण उंचीने निम्माही नाही. खार त्याला 'खुरट्या' म्हणे.

मग एका हिवाळ्यात बर्फ पडले नाही आणि पुढे पाऊसही फिरकला नाही. दुसरे वर्षही तसेच कोरडे गेले. ओढा आटला, नुसते गोटे उरले. अशा दिवसांत खारीला तीन पिल्ले झाली. एके सकाळी सुतारपक्षी खोडावर येऊन बसला. दोन-चार जागी चोच मारून त्याने कानोसा घेतला.

"खारूताई, पिल्लांना घेऊन कड्यावर जा," तो म्हणाला. "या झाडाच्या सालीखाली किडे शिरलेत. धडधाकट देवदार डिंक सोडून किड्याला बाहेर लोटतो. याच्या अंगात डिंकापुरतंही पाणी उरलेलं नाही."

"आणि जाऊ कुठे? त्या खुरट्याकडे?" खार म्हणाली. "त्याची अर्धी पानं गळून गेली आहेत. माझं झाड बघ, अजून कसं हिरवं आहे."

"त्याने पानं टाकली ती जीव वाचवायला. पाण्यावाचून उन्हाळे त्याने पुष्कळ काढलेत, कधी आवरतं घ्यायचं ते त्याला ठाऊक आहे. याला ते कधी शिकावंच लागलं नाही."

खारीला ते पटले नाही. ढोली उबदार होती, पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते. आणखी थोडे दिवस पाहू, असे तिने ठरवले.

थोड्याच दिवसांत देवदाराचा शेंडा तांबूस पडला. मग फांद्यांमागून फांद्या वाळत गेल्या आणि सालीतून भुसा गळू लागला. तेव्हा कुठे खार निघाली. एक पिल्लू तोंडात धरून ती कडा चढली आणि खुरट्याच्या बेचक्यात त्याला ठेवून तशीच मागे वळली. ती अर्ध्या वाटेवर असताना खिंडीतून वारा सुटला. कोरड्या मातीत उथळ मुळांना धरायला काही राहिलेच नव्हते. तिच्या डोळ्यांदेखत देवदार मुळासकट उन्मळला आणि ढोलीच्या बाजूने गोट्यांवर पडला.

खार दिवसभर त्या खोडाभोवती फिरत राहिली. आतून आवाज आला नाही. संध्याकाळी सुतारपक्षी जवळ येऊन बसला. अखेर खार म्हणाली, "वरचं एकटं आहे," आणि कडा चढू लागली.

मुलांनो, दुष्काळ त्यानंतरही सरला नाही. कड्यावरची काही झाडेदेखील वाळली. खुरटा मात्र मोजक्या पानांनिशी तग धरून राहिला, आणि त्याच्या विरळ सावलीत खारीने ते एक पिल्लू वाढवले.

तात्पर्य : सुखाच्या दिवसांतला डौल म्हणजे बळ नव्हे, त्यावर विसंबून सावध करणाऱ्याचे बोलणे टाळले, तर त्याची किंमत आपल्यापेक्षा दुबळ्यांना मोजावी लागते.