कुंपणापलीकडे पडलेला मका

माणसांना खुरपायचा कंटाळा येऊ लागला, त्या काळातली ही गोष्ट. तणनाशक मारलेलं गवत म्हशींनी खाल्लं, ते विष शेणातून खतात उतरलं आणि ते खत द्रौपदाकाकूंच्या परसात आलं. घेवड्याची पानं आवळलेल्या मुठीसारखी वळली. माती अशक्त झाली असेल, असं समजून काकूंनी मायेनं आणखी तेच खत घातलं.

"नको गं बाई आता," माती म्हणाली. काकूंना ते ऐकूच गेलं नाही. घेवडा मेला. शेवटी वैतागून काकूंनी तिथं मका लावला.

"मला हे विष बाधत नाही," मका मातीला म्हणाला. "जमेल तेवढं शोषून घेतो. तू पड निवांत."

मका उंच वाढला, कणीस मात्र धरलं नाही. वाळता वाळता तो म्हणाला, "दमलो गं. काकू माझी ताटं तोडून वाफ्यातच पुरतील. आता तुझ्याच कुशीत येतो."

माती म्हणाली, "तू आलास, तर ते सगळं परत येईल रे."

संध्याकाळी वारा सुटला. मका कुंपणावर रेलला आणि पलीकडच्या मुरमाड वाटेवर जाऊन पडला. "आता कोण उचलणार!" म्हणत काकूंनी तो तिथंच राहू दिला.

दोन पावसाळे गेले. काकूंनी वाफ्यात पुन्हा घेवडा लावला. घेवड्याचं पान तळहातासारखं उघडलं.

"बरी झालीस की!" घेवडा म्हणाला.

"हो," माती म्हणाली. "कुंपणावर चढलास की पलीकडे बघ. तिथं कोणी दिसतंय का, सांग मला."