चिंगी खारीची दुलई रिक्षात राहिली

बाळा, एक सांग बरं. तुला घरी जायचंय. समोर दोन रिक्षा. एक म्हणते, "या या या, इकडे या." दुसरी आपली गुपचूप उभी. तू कुणावर भरवसा ठेवशील?

थांब, घाई नको. आधी चिंगीची गोष्ट ऐक.

चिंगी म्हणजे खार. एवढीशी. शेपटी तेवढी मोठी. माझ्या दुकानासमोर चौक. चौकात कडुनिंब. कडुनिंबात चिंगीची ढोली. ढोलीत तिचं पिल्लू.

पिल्लाची एक दुलई होती. तिच्यातला कापूस झाला गोळा गोळा. चिंगी गेली पिंजाऱ्याकडे. पिंजाऱ्याने कापूस पिंजला. टंग टंग टंग. दुलई झाली मऊ मऊ.

चिंगी रिक्षात बसली. टुर्र टुर्र टुर्र. चौक आला. चिंगी उतरली. रिक्षा गेली. आणि दुलई?

दुलई रिक्षातच राहिली.

ढोलीत पिल्लू कुडकुडलं. "आई, दुलई. आई, दुलई."

चिंगीने चौकात पाहिलं. जिकडे तिकडे रिक्षा. ही काळी-पिवळी. तीही काळी-पिवळी. एकीचं नाक दुसरीच्या पोटात. दुसरीचं चाक तिसरीच्या पुढ्यात. पों पों पों. प्रत्येकाला पुढे जायचं. म्हणून कुणीच पुढे जाईना.

माझ्या दुकानात एकदा असंच झालं. सगळी मुलं म्हणाली, "शेटजी, मला आधी." मी चिक्कीची बरणी मांडीवर घेऊन बसलो. कुणालाच देईना. मुलं दमली, मग रांगेत उभी राहिली. पण रिक्षा काही दमेनात. पों पों पों.

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. भेटले हवालदारकाका.

"काका, काका, दुलई शोधा. दुलई नाही तर पिल्लाला झोप नाही."

हवालदारकाका म्हणाले, "अगं, या गोंधळात शोधू कुठे? मला पाय ठेवायला जागा नाही. आधी रांग लागू दे. मग शोधतो."

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. भेटले रिक्षावाले सोपानभाऊ. सगळ्यात पुढे होते. सगळ्यात जास्त अडकले होते.

"भाऊ, भाऊ, रांग लावा. रांग नाही तर शोध नाही. शोध नाही तर दुलई नाही. दुलई नाही तर पिल्लाला झोप नाही."

सोपानभाऊ म्हणाले, "रांग लावू कुठे? तुझ्या शेपटीवर? आधी रस्त्यावर पांढरा पट्टा आखू दे. मग रांग लावतो."

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. भेटले रंगारी गफूरचाचा. चुन्याच्या बादलीपाशी बसले होते.

"चाचा, चाचा, पट्टा आखा. पट्टा नाही तर रांग नाही. रांग नाही तर शोध नाही. शोध नाही तर दुलई नाही. दुलई नाही तर पिल्लाला झोप नाही."

गफूरचाचा म्हणाले, "बेटा, चुना पार वाळून गेलाय. ब्रश बघ, उभाच राहतो त्यात. आधी पाणी मिळू दे. मग पट्टा आखतो."

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. भेटले टँकरवाले भिवाअण्णा. टँकर पाण्याने भरलेला. डुबुक डुबुक.

"अण्णा, अण्णा, पाणी द्या. पाणी नाही तर पट्टा नाही. पट्टा नाही तर रांग नाही. रांग नाही तर शोध नाही. शोध नाही तर दुलई नाही. दुलई नाही तर पिल्लाला झोप नाही."

भिवाअण्णा म्हणाले, "पाणी हवं तेवढं घे. पण पाइप नेऊ कुठून? समोर बघ, रिक्षा आडवी. आधी वाट मिळू दे. मग पाणी देतो."

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. समोरच्या रिक्षात होती इंदूमावशी. तिची रिक्षा सगळ्यात मागे.

"मावशी, मावशी, वाट द्या. वाट नाही तर पाणी नाही. पाणी नाही तर पट्टा नाही. पट्टा नाही तर रांग नाही. रांग नाही तर शोध नाही. शोध नाही तर दुलई नाही. दुलई नाही तर पिल्लाला झोप नाही."

इंदूमावशी म्हणाली, "वा गं वा. आधीच मी सगळ्यांच्या मागे. बाजूला झाले तर आणखी मागे. मग माझ्या रिक्षात बसणार कोण, तू?"

चिंगी बसली. शेपूट खाजवली. ढोलीकडे पाहिलं. "आई, दुलई. आई, दुलई."

मग चिंगी म्हणाली, "मावशी, पाणी इथे येणार. पट्टा इथूनच सुरू होणार. तुम्ही कडेला लागा. तोंड मागच्या बाजूला करा. सगळ्यांनी तोंड तिकडे केलं, तर पहिलं कोण?"

मावशीने मागे पाहिलं. पुढे पाहिलं. मग खुदकन हसली.

"अगंबाई, मीच की."

मावशीने हँडल वळवलं. टुर्र टुर्र. रिक्षा लागली कडेला.

वाट झाली.

अण्णांनी पाइप सोडला. सर्र सर्र. पाणी आलं.

चाचांनी चुना ढवळला. फतक फतक. पट्टा आखला. लांबच लांब, मावशीच्या चाकापासून पार कडुनिंबापर्यंत.

रिक्षा वळल्या. टुर्र टुर्र, टुर्र टुर्र. एकीमागे एक, एकीमागे एक. रांग लागली.

सोपानभाऊ कुरकुरले, "मी पुढे होतो."

हवालदारकाका म्हणाले, "होतास ना? मग गेलास का कुठे?"

सोपानभाऊंनी रिक्षा लावली शेवटी.

हवालदारकाका निघाले. खाड खाड खाड. ही रिक्षा बघितली, नाही. ती रिक्षा बघितली, नाही. शेवटची रिक्षा बघितली. सोपानभाऊंची. मागच्या सीटवर काय?

मऊ मऊ दुलई.

"आयला, माझ्याच रिक्षात?" सोपानभाऊंनी जीभ चावली. "आता गं चिंगे, मला तरी काय माहीत."

"आणि मला तरी काय माहीत?" चिंगी म्हणाली. "सगळ्या रिक्षा सारख्या. आज दुलई राहिली. उद्या पिल्लू राहिलं तर?"

हवालदारकाकांनी टोपी सारखी केली.

"चाचा, चुना उरलाय?"

"भरपूर."

"मग काढा प्रत्येक रिक्षावर आकडा. मोठ्ठा. खारीलाही दिसेल असा."

चाचांनी आकडे काढले. इंदूमावशीला एक. तिच्यामागे दोन. त्याच्यामागे तीन. सोपानभाऊ म्हणाले, "चाचा, माझा जरा ठसठशीत काढा. लोकांना सापडलो पाहिजे." चाचांनी तो टपावरही काढला. वर ढोलीतून पिल्लालाही दिसला.

चौक मोकळा झाला. टँकर गेला. सायकली गेल्या. पों पों थांबलं.

चिंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दुलई तोंडात, शेपूट वर. ढोलीत गेली. पिल्लाला पांघरूण घातलं. वाट मिळाली, पाणी मिळालं. पाणी मिळालं, पट्टा मिळाला. पट्टा मिळाला, रांग मिळाली. रांग मिळाली, शोध लागला. शोध लागला, दुलई मिळाली. दुलई मिळाली, आणि पिल्लाला झोप लागली.

घुर्र, घुर्र.

मग बाळा, त्या दोन रिक्षांपैकी भरवसा कुणावर? जिच्यावर आकडा, तिच्यावर. आता तूही झोप. फक्त एक विनंती ऐक. उद्या तू घसरगुंडीवर जाशील. तिथे आधी कोण आलं, मागून कोण आलं, याचा हिशेब ठेव. खरा ठेव हं, तुझी पाळी उशिरा आली तरी.