पारबताची पाळी

आगगाडी दिसली की लोक शेतातूनच हात जोडायचे, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट आहे. वऱ्हाडात मोहधरी नावाचं एक स्टेशन आहे. आज पाहाल तर म्हणाल, याला स्टेशन कुणी म्हटलं? एक फलाट, एक बाक आणि पत्रे उडालेलं गुदाम, एवढंच. पण तेव्हा मोहधरीचा थाट वेगळा होता. गावात कापसाची सरकी काढणारं जीन होतं आणि त्याच्या गाठी नेण्यासाठी ही छोट्या रुळांची गाडी मुद्दाम इथवर आणली होती. स्टेशनाला मास्तर होता, तिकिटाची खिडकी होती, उन्हाळ्यात रांजण भरून उतारूंना पाणी पाजणारा माणूस होता. आजारी माणूस गाडीतून तालुक्याला जायचा आणि नवरदेवही गाडीतूनच यायचा. मास्तरांची टोपी पाहायला शेजारच्या गावची माणसं यायची, असं म्हणतात.

गाठी चढवणाऱ्या हमालांत उकंडा नावाचा एक गडी होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्या बहिणीने, पारबताने, त्याला वाढवलं. दोघांची हातवाऱ्यांची भाषा होती आणि ती गावात तिसऱ्या कुणाला येत नव्हती. कुणी शिकूनही घेतली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

पुढे जीन बंद पडलं. हमालांची टोळी काम शोधायला दूर मुलखात निघाली. उकंडाला पारबतानेच गाडीत बसवून दिलं. होळीला टोळीचा मुकादम परत आला, पण उकंडा काही आला नाही. मोठ्या जंक्शनच्या गर्दीत तो हातातून सुटला, असं मुकादम म्हणाला. पारबताने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या गाडीला ती फलाटावर जाऊन उभी राहू लागली.

इथवर ही गोष्ट कुठल्याही गावची असू शकते. मोहधरीची गोष्ट याच्या पुढे आहे.

कापूस गेला तशी स्टेशनाची रयाही गेली. मास्तरांची बदली झाली, खिडकीला फळ्या ठोकल्या, पाणीवालाही उठून गेला. मग वरून हुकूम आला, की मोहधरीच्या फलाटावर गार्डाकडून तिकीट घेऊन चढणारं कुणी उभं असेल तरच गाडी थांबेल, नाहीतर सरळ पुढे जाईल. ज्याला उतरायचं असेल त्याने आधीच्या स्टेशनावर गार्डाला सांगून ठेवायचं.

गावाला त्याचं काही वाटलं नाही. पारबता मात्र आनंदराव पाटलांच्या ओट्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पाटील, माह्या भावाले बोलता येत नाही. तो गार्डाले सांगन कसा, की मले मोहधरीले उतरायचं हाये म्हणून?"

पाटील म्हणाले, "मंग आता काय करतं बाई? हुकूम तं हुकूम हाये."

"चढीन मी," ती म्हणाली. "रोज चढीन."

आणि ती रोज चढू लागली. सकाळी निंदण, वेचणी, जे मिळेल ते काम करायची आणि दुपारी गाडीत बसायची. पुढच्या कवठा स्टेशनावर उतरायची आणि रुळांच्या कडेने एकटीच चालत परत यायची. कवठ्याला तिचं काहीच काम नसायचं. गाव हसलं. पारबता हवा खायला जाते, असं बायका नदीवर बोलायच्या. पारबताने कुणाला उत्तर दिलं नाही, आणि उत्तर द्यावं असं तिच्याशी कुणी फारसं बोलतही नव्हतं. पण तिच्या पावलांनी रुळांच्या कडेला जी वाट पडली, तिच्यावर पुन्हा गवत उगवलं नाही, असं म्हणतात. वैशाखात रूळ तापून लाल व्हायचे, तरी त्या वाटेवरची माती गार असायची. इंजिनालाही तिची सवय झाली होती. ड्रायव्हरने हात लावण्याआधीच ते मोहधरीशी हळू व्हायचं.

किती वर्षं गेली, ते जो तो वेगळं सांगतो. मग एका श्रावणात पारबता तापाने पडली. तिने येणाऱ्याजाणाऱ्याला विनवलं, "आजच्या दिवस कोणी जा रे बाप्पा." माळ्याला वाटलं तेली जाईल. तेल्याला वाटलं सुताराकडे कुणीतरी मोकळं असेल. सुतार म्हणाला, पाटलाने कुणाला तरी धाडलंच असेल. गाव ते गावच. फलाटावर कुणीच गेलं नाही आणि गाडी थांबली नाही.

रुळांकडे पुंजा गुराखी गुरं चारत होता. त्याने पाहिलं, की डब्याच्या दारात पिकल्या केसांचा एक माणूस उभा आहे. तो फलाटाकडे पाहून दोन्ही हात हलवत होता, आणि त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. पुंजा ओरडत गावात आला. पोरं कवठ्याकडे धावली. तिथले लोक म्हणाले, असा एक जण उतरला होता खरा. रुळांवरून मोहधरीकडे पाहत राहिला आणि गार्डाने झेंडा दाखवल्यावर पुन्हा गाडीत चढून बसला.

पारबताला हे सांगायचं नाही, असं गावाने ठरवलं. पण तिचं घर स्टेशनाला लागून होतं आणि गाडी न थांबता गेलेली तिने ऐकली होती. पाटील आले तशी ती उठून बसली.

"गाडीत कोन होतं? खोटं नोका सांगू."

पाटलांनी मान खाली घातली. "उकंडा होता."

गावाला वाटलं, आता ही शिव्याशाप देईल. पण तिचा चेहरा उजळला. "जिता हाये!" ती म्हणाली. "जिता हाये माहा भाऊ!" आणि मग तिला रडू फुटलं. "फलाटावर कोनीच नव्हतं वं माय. त्याले वाटलं असंल, बहीण मेली."

दुसऱ्या दिवशी तापातच ती गाडीत चढली. या वेळी ती कवठ्याला उतरली नाही, आणि मोहधरीने तिला पुन्हा पाहिलं नाही. त्या मार्गावरचे जुने गार्ड सांगायचे, की दुपारच्या गाडीत एक म्हातारी डब्याडब्यातून फिरते आणि एकट्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवते. तिकीट विचारायला जावं तर तिथे कुणीच नसतं, असं म्हणतात.

तेव्हापासून मोहधरीत घराघराची पाळी लागलेली आहे. लग्न असो, सुतक असो, पारबताची पाळी चुकत नाही. ज्या घराची पाळी असेल त्यातलं एक माणूस दुपारच्या गाडीत चढतं, सगळ्या डब्यांतून फिरतं आणि कवठ्याहून चालत परत येतं. कुठे जायचं ते ज्याला सांगता येत नाही, असं कुणी गाडीत दिसलं, तर त्याला परतीच्या वाटेने गावात आणतात. पारबताचं घर त्यांच्यासाठीच शाकारून ठेवलेलं असतं. असे कितीतरी जण तिथे राहिले आणि तिथेच म्हातारे होऊन गेले. पुरुष असला तर गाव त्याला उकंडा म्हणतं आणि बाई असली तर पारबता. त्यातले खरे उकंडा-पारबता कोण, ते मोहधरीत कुणी विचारत नाही.

आणि पाळीवाला कधी एकटा स्टेशनात जात नाही. तो घरातल्या आणखी एकाला बरोबर नेतो. एक गाडीत चढतो आणि दुसरा गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात वर करून फलाटावर उभा राहतो. आत बसलेल्या कुणाला हा फलाट रिकामा दिसायला नको, म्हणून.