दाजीबाची म्हैस आणि चौतीस दगड

काळखडक नावाचं एक गाव होतं, आणि ते सगळंच्या सगळं पाथरवटांचं होतं. तिथलं पोर चालायला लागायच्या आधी छिन्नी तोंडात घालून बघतं, असं आजूबाजूचे लोक चेष्टेने म्हणत. जाती, पाटे, वरवंटे, उखळं, देवळांचे उंबरे, सगळं या गावात घडायचं.

धंद्यामुळे या लोकांना एक सवय लागली होती. गिऱ्हाईक बोलायच्या आधीच ते त्याचं तोंड वाचायचे. त्याची नजर कमळावर रेंगाळली की कमळ कोरायचं, मोरावर रेंगाळली की मोर. "तुम्हाला काय बरं वाटतं?" असं एखाद्याने विचारलंच, तर काळखडकचा पाथरवट हसून म्हणायचा, "मालक, तुमची मर्जी तीच आमची." धंद्यात ही सवय कामाची होती. घरी जाताना ती हत्यारांबरोबर बाजूला काढून ठेवायला हवी, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका वर्षी राजाने जवळच्या टेकडीवर बुरूज बांधायचं ठरवलं. काळखडककरांनी त्यासाठी सहा महिने दगड घडवले. मग राजाचं मन बदललं. राजांची मनं बदलतात, त्यांना कोण विचारणार? घडीव दगडांचा मोठा ढीग चावडीसमोर तसाच पडून राहिला. राजाने निरोप धाडला, "दगड गावाला दिले. हवं ते बांधा." दगड मात्र एकाच कामाला पुरतील एवढे होते.

झालं! म्हातारी मंडळी तीन महिने भांडली. कुणाला दीपमाळ हवी होती, कुणाला पिंपळाला पार. रखमाजी नावाच्या तिरसट म्हाताऱ्याला चावडीचा ओटा रुंद करून हवा होता, कारण दुपारी तिथे पाय पसरता येत नव्हते. शेवटी गावचा म्होरक्या दाजीबा वैतागून उठला.

"आपुन आता किती दिसाचं सोबती?" तो म्हणाला. "ह्ये जे काय बांधू, त्यावर आपल्यापरीस पोरं जास्त वरसं चालणार हायती. त्यास्नीच इचारू."

"पोरास्नी?" रखमाजी ओरडला. "झोपाळा मागतील झोपाळा!"

पण दाजीबा बधला नाही. सोळा ते पंचवीस वर्षांच्या पोरापोरींनी हात वर करून ठरवायचं, आणि ते म्हणतील ते गावाने बांधायचं, असं ठरलं. काळखडकमध्ये असं आजवर कधी झालं नव्हतं.

असे चौतीस जण होते. त्यांत हौसा नावाची अठरा वर्षांची पोर होती. काय बांधायला हवं, हे तिला विचार न करता सांगता आलं असतं. गावाखाली एक ओढा होता. ओढ्यापलीकडे गुरुजींची शाळा होती. आषाढात ओढ्याला पाणी चढलं की ते दसऱ्यापर्यंत उतरायचं नाही, आणि तोवर काळखडकची पोरं अलीकडेच. हौसा तीन वर्षं शाळेत गेली. शाळा आठवड्यातून एकदाच भरे; दरवर्षी दसऱ्यानंतर गुरुजी 'क'पासून सुरुवात करत, आणि ती बाणाच्या 'ण'पाशी आली की पाऊस यायचा. पुढच्या वर्षी पुन्हा 'क'. तिची अक्षरं 'ण'च्या पुढे कधी गेलीच नाहीत.

हौसाच्या हातात फार सुंदर काम होतं. तिने कोरलेली वेल बघून वाटसरू थांबायचे. पण शिलालेखाचं काम आलं की ते परगावच्या माणसाकडे जायचं, कारण काळखडकमध्ये कुणाला वाचता येत नव्हतं. एकदा कागद उलटा धरल्यामुळे अख्खा 'श्री' डोक्यावर उभा कोरला गेला होता. गाव त्यावर अजून हसत होतं. हौसाला हसू यायचं नाही. आता वस्तीतली लहान पोरंसुद्धा 'ण'पाशी अडकताना ती बघत होती. ओढ्यावर पूल हवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. आठ दिवस ती ते मनात घोकत होती.

मत द्यायचा दिवस आला. उन्हं उतरल्यावर सगळी चावडीसमोर जमली. चार कामांची नावं पुढे आली होती: ओढ्यावर पूल, पाणवठ्याला घाट, कुस्तीची तालीम आणि गावच्या वेशीला कमान. दाजीबा उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "बोला पोरांनो. तुमास्नी काय पायजे?"

एवढं बोलून त्याने मान वळवली आणि वेशीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या तोंडावर समाधानाचं हसू पसरलं.

चौतीस पाथरवटांनी ते हसू वाचलं.

"कमान," कुणीतरी म्हणालं, आणि एक हात वर गेला. मग दुसरा. मग पाच-सहा एकदम. हौसा मांडीवर हात घट्ट धरून बसली होती. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळ्यांना कमानच हवी आहे, दाजीबा आबांनाही हवी आहे, मग आपला एकटीचा पूल कशाला मध्ये आणायचा, असं तिला वाटलं. तिचा हात वर गेला. तो वर जाताना तिला स्वतःचीच लाज वाटली, पण तो गेला.

"सगळ्यास्नी कमानच?" दाजीबा जरा बुचकळ्यात पडला. "बरं तर. कमान."

दुसऱ्या दिवशी खाणीत कुणाचं कामात लक्ष नव्हतं. हौसाची मैत्रीण ठकू तर दगडावर राग काढत होती.

"कमान म्हणं! तिच्याखालनं आपुन काय हत्तीवर बसून जाणार हाय?"

"मग तू हात का वर केलास?" हौसाने विचारलं.

"तू केलास म्हनून! आन् तू?"

हौसाने हातातली छिन्नी खाली ठेवली. दोघींनी दुपारपर्यंत खाणीतल्या आणखी दहा-बारा जणांना हळूच विचारलं. कुणाला पूल हवा होता, कुणाला घाट, कुणाला तालीम. कमान त्यांतल्या एकालाही हवी नव्हती. बाकीच्यांना हवी आहे, असं मात्र प्रत्येकाला वाटलं होतं.

"मी आबास्नी सांगते," हौसा म्हणाली.

ठकूने तिचा हात धरला. "याड लागलंय का तुला? काल पैल्यांदा आपल्याला इचारलं. आन् आता जाऊन सांगायचं, की आमी खोटंच हात वर केलं? रखमाजीबाबा टपूनच बसलाय. परत जल्मात कुनी इचारायचं न्हाई."

ठकूचं म्हणणं चूक नव्हतं. बोललं तर सगळ्यांचाच मान जाणार होता, आणि न बोललं तर पूल. दोन दिवस हौसाला भाकर गोड लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वेशीपाशी कमानीच्या पायाची दोरी ताणली गेली, गाव जमलं, दाजीबाने फोडायला नारळ उचलला.

"थांबा, आबा," हौसा म्हणाली.

ती दोरी ओलांडून पुढे आली. "त्या दिशी माझा हात खोटा व्हता. मला कमान नको. मला वढ्यावर पूल पायजे. बाकीच्यांचं ते सांगतील, मी माझं सांगते."

मग रखमाजीने काठी आपटली. "बघा! मी म्हनलं नव्हतं? आज एक, उद्या एक! ह्यांच्या हाती कारभार देनार तुमी?"

दाजीबाने नारळ खाली ठेवला. तो रागावला नव्हता, पण त्याला खरंच काही समजत नव्हतं. "पोरी, तुला पूल पायजे व्हता, तर कमानीला हात का वर केलास?"

"तुमास्नी कमान पायजे असं वाटलं म्हनून."

"मला? मी कवा म्हनलो तसं?"

"म्हनला न्हाई. पर इचारल्यावर तुमी येशीकडं बघितलं. आन् हसला."

दाजीबाने कपाळावर हात मारला. "अगं, माझी म्हैस चुकली व्हती सकाळधरनं!" तो म्हणाला. "ती येशीतनं येताना दिसली, म्हनून हसलो!"

आधी ठकूला हसू फुटलं, मग सगळ्या गावाला. एका म्हशीने गावाची कमान ठरवली होती! दाजीबाही डोळे पुसत हसला. मग हसता हसता थांबला. "म्हंजे तुमच्यातल्या कुनीच सोताचं मत दिलं न्हाई?" त्याने विचारलं. बहुतेक सगळ्या माना खाली गेल्या. त्या वेळी त्याला जे वाईट वाटलं, ते त्याच्या तोंडावर कुणालाही वाचता आलं असतं.

"आता पुन्हा हात वर करायला लावलं," रखमाजी म्हणाला, "तर पुन्हा तोंडं बघूनच करतील."

"व्हय, करू," हौसा म्हणाली. तिने इतकं सरळ कबूल केलं, की रखमाजीचं तोंड उघडंच राहिलं. "सवयच हाय आमची. हात वर करायला काय लागतंय? तेवढ्यानं भागायचं न्हाई. आबा, आमाला दगुड उचलू द्या. ज्याला जे पायजे, त्यानं ढिगातला एक दगुड उचलायचा आन् त्या जागी नेऊन ठेवायचा. उद्या दिस मावळायच्या आत. मग मोजा."

ढिगातला एकेक दगड असा होता, की गडी माणसाने तो खांद्यावर घेतला तरी वाटेत दोनदा टेकावं लागे. वेस चावडीपासून हाकेच्या अंतरावर होती. ओढा मात्र अर्धा कोस खाली, आणि वाट खडकाळ.

"हरकत न्हाई," रखमाजी म्हणाला. "समदे दगुड येशीतच पडतील, न्हाईतर जाग्यावरच ऱ्हातील. तसं झालं तर पुन्हा पोरास्नी इचारायचं नाव काढायचं न्हाई. बोला, कबूल?"

हौसाने मागे वळून पाहिलं. मग ठकू म्हणाली, "कबूल." आणि मग सगळेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांनी चावडीत बसायचं, आणि तेही पाठ फिरवून, असं दाजीबाने फर्मावलं. "आन् माझी म्हैस गोठ्यात बांधा," असंही बजावलं.

पहाटे उजाडताच हौसा ढिगापाशी गेली. डोक्यावर चुंबळ ठेवली, ठकूने हात लावला आणि दगड डोक्यावर चढला. ठकूचा दगड कुठे जाणार, ते हौसाने विचारलं नाही. वाटेत ती तीनदा टेकली. मान अवघडली. एकदा वाटलं, इथेच टाकावा आणि घरी जावं. पण हा दगड आपण कुणासाठी वाहतोय, हे तिला आज नीट ठाऊक होतं. ओढ्याच्या काठावर तिने तो उतरवला तेव्हा तिथे दुसरा एकही दगड नव्हता. ती खाली बसली आणि थोडा वेळ रडली. कशासाठी, हे तिला सांगता आलं नसतं, पण रडून बरं वाटलं.

मग ती घरी गेली. दिवसभर तिने एकदाही ओढ्याकडे पाहिलं नाही.

दिवस कलला तसा दाजीबा सगळ्यांना घेऊन मोजायला निघाला. ढिगापासून निघालेले दगड बरोबर चौतीस होते. एकही पोर घरी बसलं नव्हतं. तालमीच्या जागी पाच दगड होते. पाणवठ्यावर आठ. वेशीत दोन.

"ह्ये दोन कुनाचे?" रखमाजीने विचारलं.

"एक माझा, एक माझ्या बायकोचा," संतू नावाचा पोरगा पुढे आला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. "मला खरंच कमान पायजे. माझ्या सासुरवाडीला हाय." सगळे हसले, पण दाजीबाने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याचं मत त्याचं होतं, आणि त्याने ते लपवलं नव्हतं.

उरले होते एकोणीस. ते ओढ्याच्या काठावर होते. काही नीट रचलेले, काही दमून जिथल्या तिथे टाकलेले, एक तर निम्मा पाण्यात गेलेला. हौसाने ते एकदा मोजले, मग पुन्हा मोजले. तिच्या दगडाला चिकटून ठकूचा होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी धापा टाकत येताना दिसलं. तो रखमाजी होता. मोजणी मध्येच सोडून तो ढिगाकडे परत गेला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या खांद्यावर एक दगड होता. ढिगातला सगळ्यात लहान होता, पण सत्तर वर्षांच्या माणसाला तो पुरे होता. संतू धावला, पण म्हाताऱ्याने त्याला हाताने बाजूला केलं, आणि दगड स्वतःच एकोणिसांच्या शेजारी ठेवला.

दाजीबा संकोचून म्हणाला, "रखमाजी, तुझा मोजता यायचा न्हाई बाबा. मत पोरांचं हाय."

रखमाजीने पटक्याने घाम पुसला. "ठावं हाय मला," तो म्हणाला. "माझ्या वक्ताला कुनी इचारलं असतं, तर मीबी हितंच आनला असता. मोजू नगा. बांधायला घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाचा पाया खणायला घेतला. वेशीतले, तालमीच्या जागचे आणि पाणवठ्यावरचे दगड ज्यांनी नेले होते, त्यांनीच ते ओढ्यावर आणून दिले.

तात्पर्य: मत विचारलं जातं ते आपलं मन कळावं म्हणून. विचारणाऱ्याचं तोंड बघून दिलेलं मत त्याच्याही कामाचं नसतं आणि आपल्याही. चुकून तसं दिलं गेलंच, तर ते उघड सांगायला लाजू नये.