बेडकाचं केळवण

ही गोष्ट मला बरोबर आठवते की नाही, याची खात्री नाही. सांगणारा कोण होता, ते तर अजिबात आठवत नाही. वरपक्षाचे बेडूक दोन होते की तीन, यावरही मी अलीकडे बराच विचार केला. दोनच असावेत. पण एका गावात एक भोळा घरजावई होता, एवढं पक्कं.

त्याचं नाव झिपरू. बायको भिवरा, सासरा राघो पाटील. सासऱ्याच्या घरी जेवायचं, सासऱ्याची म्हैस राखायची आणि सासऱ्याचं ऐकायचं, अशी झिपरूला तीन कामं. पहिलं उत्तम जमे, तिसरं त्याहून उत्तम जमे. कोणी काही सांगितलं की तो ते अगदी सांगितल्याप्रमाणे करी. घराचं नुकसान व्हायचं ते त्यामुळेच.

त्या गावाची एक रीत होती. मृग कोरडा गेला की बेडकांचं लग्न लावायचं. नवरदेव ह्या गावचा, नवरी शेजारच्या गावची. लग्न लागलं की पाऊस येतो, असं तिथली शहाणी माणसं गंभीर चेहऱ्याने सांगत. नवरदेव आठ दिवस आधी पकडून एका घरी ठेवत. सोबत एक राखीव बेडूकही ठेवत, कारण मागे एकदा नवरदेवाने हळद लागल्याबरोबर विहिरीत उडी टाकली होती. मला तो बेडूक त्या गावातला सर्वांत समंजस प्राणी वाटतो.

त्या वर्षी नवरदेव ठेवण्याचा मान राघो पाटलाकडे आला. दोन्ही बेडूक अंगणातल्या पसरट कुंडीत ठेवले. वर टोपली झाकली. पाटील वाजंत्री ठरवायला आणि सोयरे गोळा करायला निघाला. जाताना म्हणाला,

"जावईबापू, हे दोघे आता घरचे समजा. आठ दिवस त्यांचं नीट केळवण करा. नवरदेव गुबगुबीत दिसला पाहिजे. नवरीकडच्यांसमोर माझी मान खाली गेली, तर भिवरा इथेच राहील आणि तुम्ही तुमच्या गावाची वाट धराल."

"बरं मामा," झिपरू म्हणाला. सासऱ्याला तो मामा म्हणे.

भिवरावर त्याचा फार जीव होता. भिवराचाही त्याच्यावर होता. का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तर पहिल्या दिवशी झिपरूने केळवण केलं. दोन पाट मांडले, भोवती रांगोळी काढली. ताटात पुरणपोळी, वर तूप, बाजूला कटाची आमटी. बेडूक पाटावर आणून ठेवले आणि हात जोडून म्हणाला, "सावकाश होऊ द्या."

बेडूक सावकाशच होते. तासभर बसले. मग नवरदेव आमटीत बसला.

पाटलाची विधवा बहीण कोंडाआत्या त्याच घरात राहायची. तिने बेडकांची अशी तीन लग्नं निभावली होती. ती ओसरीवरून बघत होती.

"जावईबापू, बेडूक पोळी खातो होय?"

"भूक नसेल, आत्या."

"भूक आहे. बेडकाला हललेलं तेवढंच दिसतं. पुढचं खाणं हललं पाहिजे, तर तो तोंड उघडणार. नाकतोडे आणा, गांडुळं आणा, वाळवी आणा. रोज एकच नको, आलटूनपालटून द्या."

"कळलं," झिपरू म्हणाला. त्याला सगळं लगेच कळत असे. न कळणाऱ्यांचं हेच लक्षण.

झिपरूने नाकतोडे आणले, गांडुळं आणली. बेडकांनी पटापट खाल्ली. इथपर्यंत ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी नवरीच्या गावचे यादवराव नवरदेव बघायला आले. बेडूक पसंत पडला. त्यांना जेवायला बसवलं. झिपरूने त्यांच्या ताटाला सुतळी बांधली आणि सुतळीचं दुसरं टोक हातात धरून समोर बसला. यादवरावांनी भाकरीला हात घातला की हा सुतळी ओढी. ताट वीतभर सरके. यादवराव पाटासकट पुढे सरकत. असं करत करत ते उंबऱ्यापर्यंत आले.

"हे काय चाललंय?" यादवराव म्हणाले.

"हललं नाही तर दिसणार कसं?" झिपरू म्हणाला. "आमच्याकडे पाहुण्याची सोय बघतात."

यादवराव उंबऱ्यापर्यंत आलेच होते. तसेच पुढे घरी गेले. कोंडाआत्याने कपाळाला हात लावला.

"अहो, सोयऱ्याला असं जेवू घालतात? सोयऱ्याला आग्रह करावा. तो नको म्हणाला तरी वाढावं. हात आडवा धरला तर हात बाजूला करून वाढावं. त्याशिवाय केळवण कसलं?"

"कळलं," झिपरू म्हणाला.

आता लग्नापर्यंत यादवराव परत येणार नव्हते. पण घरात दोन पाहुणे होतेच. तिसऱ्या दिवशी झिपरूने बेडकांना आग्रह केला. सहा नाकतोडे त्यांनी आपणहून खाल्ले. सातव्याला तोंड मिटलं. झिपरू म्हणाला, "असं कसं, एक तरी." तोंड उघडून सातवा घातला. नवरदेवाने पुढचा पाय आडवा धरला. झिपरूने पाय बाजूला केला आणि आठवा घातला. असे चौदा झाले. राखीव बेडूक उलथा पडला. नवरदेवाचे डोळे आधीच बाहेर होते, ते आणखी आले.

भिवरा पाणी आणायला आली होती. ती म्हणाली, "अहो, तो मेला तर मला इथे राहावं लागेल."

"आग्रहाने कोणी मरतं का?" झिपरू म्हणाला.

लग्नाच्या पंगतींत मी जे पाहिलं आहे, त्यावरून मरू शकतं. पण असो. कोंडाआत्याने राखीव सुलटा केला, दोघांवर पाणी शिंपडलं.

"जावईबापू, बेडकाला आग्रह नसतो. आज खाल्लं की उद्या उपास. एक दिवस खाणं, एक दिवस नुसतं पाणी. तब्येत चांगली राहायची असेल तर असंच."

"कळलं," झिपरू म्हणाला आणि थेट गोठ्यात गेला. म्हशीची तब्येतही त्याच्याच अंगावर होती ना. त्याने तिच्यापुढची वैरण उचलली आणि नुसतं पाणी ठेवलं. एकादशीलाही न घडणारा उपास म्हशीला घडला. संध्याकाळी ती दूध देईना. भिवराने धार काढायला हात लावला तर लाथ मारून चरवी उडवली. झिपरूला लाथ बसली नाही, ही ह्या गोष्टीतली एक मोठीच उणीव आहे.

आता मात्र कोंडाआत्याने त्याला समोर बसवलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"ऐका. म्हशीने जे खाल्लं, तेच दुधात उतरतं. तेच दूध आपण पितो. म्हणजे म्हशीच्या पोटातलं शेवटी आपल्याला मिळतं. वाया काही जात नाही. ज्याला आपण खाणार, त्याला आधी खाऊ घालावं. बसलं डोक्यात?"

"कळलं," झिपरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो नाकतोड्यांना कोवळं गवत, मेथी आणि भोपळ्याची फोड खाऊ घालत बसला. पोट भरलेले नाकतोडे मग एक दिवसाआड बेडकांना, जेवढे मागतील तेवढेच. कोंडाआत्या बघतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून बरोबर गोष्ट झाली होती. बेडूक तुकतुकीत झाले. गळ्याखाली पिवळी झाक आली. नवरदेव खरोखर नवरदेवासारखा दिसू लागला, म्हणजे सुस्त आणि स्वतःवर खूश.

"शाबास, जावईबापू. हे मात्र बरोबर केलंत," आत्या म्हणाली.

हे तिने म्हणायला नको होतं. मूर्खाला शिव्या दिलेल्या परवडतात.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी अंगणात धामण आली. टोपली कलंडली. धामणीने आधी राखीव गिळला, मग नवरदेव. झिपरू दोन हात अंतरावर बसून पाहत होता. त्याने तिला हाकललं नाही. त्याने हिशेब केला. मेथी नाकतोड्यात उतरली. नाकतोडा बेडकात उतरला. बेडूक धामणीत उतरला. वाया काही गेलं नाही. उलट नवरदेव आता सहा हात लांब झाला होता. खाऊन जड झालेली धामण तिथेच कुंडीला वेटोळं घालून पडली. झिपरूने तिला अलगद उचललं, झाकणाच्या टोपलीत ठेवलं आणि टोपलीला हळद लावली.

सकाळी पाटील वाजंत्री घेऊन आला.

"नवरदेव कुठंय?"

"टोपलीत."

"राखीव?"

"तोही टोपलीत."

"गुबगुबीत आहे ना?"

"मामा, टोपली उचलून बघा."

पाटलाने टोपली उचलून पाहिली. भलतीच जड होती. पाटील खूश झाला. लग्नाच्या दिवशी मुहूर्ताआधी नवरदेवाचं तोंड बघायचं नाही, अशी रीत होती, म्हणून झाकण कोणी काढलं नाही. दोन माणसांनी अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. अंतरपाट दूर झाला. कपाळाला कुंकू लावलेली नवरी यादवरावांनी फटीतून टोपलीत सोडली आणि झाकण लावलं. वाजंत्री वाजली. वरात गावभर फिरून पाटलाच्या दारी आली. पंगत बसली. मग बायका म्हणाल्या, आता नवरानवरीने एकमेकांना घास भरवायचा. भिवराने पुढे होऊन झाकण काढलं.

धामणीने मान वर केली. तोंडाच्या कडेला कुंकू लागलं होतं.

पंगत उठली. म्हणजे पळाली. यादवराव उपाशी जाण्याची ही दुसरी वेळ.

"जावईबापू," पाटील खांबामागून म्हणाला, "हा साप आहे."

"साप नुसता वरून आहे, मामा. नवरदेव आत आहे. राखीव त्याच्या शेजारी आहे. आणि नवरीही सासरी पोचली."

"आणि घास?"

"तो झाला," झिपरू म्हणाला.

पाटलाने त्याच दिवशी त्याचं गाठोडं दाराबाहेर ठेवलं. भिवराला घरात कोंडलं. झिपरू वेशीबाहेर एका निंबाखाली जाऊन बसला आणि तिथून उठेना. चौथ्या दिवशी पाऊस पडला. गावातली पाच शहाणी माणसं भिजत वेशीबाहेर गेली आणि त्याला हाताला धरून घेऊन आली. भिवराने दार उघडलं, डोकं पुसायला फडकं दिलं. त्या वर्षापासून ते गाव बेडकांचं लग्न बेडकांशी लावत नाही. आधी धामण शोधतात. मान झिपरूचा.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी तालुक्याच्या ठिकाणी पावसाची जुनी वही मागून बघितली. चष्मा पुसून दोनदा बघितली. त्या दिवशी पाऊस सत्तावीस गावांत पडला होता. त्यातली नवरानवरीची ती दोन सोडून उरलेल्या पंचवीस गावांत मी स्वतः हिंडून चौकशी केली. तिथे त्या वर्षी कोणाचंही लग्न लावलेलं नव्हतं.