मेथी आणि लाल माठ

डोंगर पोखरून तांबं काढायचे, त्या काळची ही गोष्ट. खाणीतून टाकून दिलेला गाळ पावसाच्या पाण्याबरोबर हौसाबाईच्या परसात उतरायचा. तिथल्या वाफ्यात मेथी आणि लाल माठ शेजारी शेजारी वाढत होते.

मेथीची मुळं आखडली, पानं पिवळी पडली. माठ मात्र तरारला.

"मातीला नावं ठेवत बसलीस," माठ म्हणाला. "मी बघ, गाळातलं सगळं पिऊन पचवलं."

"पचवलं नाहीस, बाबा. ते विष पानांत साठवलंस," मेथी म्हणाली. "माझ्याकडे बघून बाईला मातीचं दुखणं कळेल तरी. तुझ्याकडे बघून ती फसणार."

माठ हसला.

तेवढ्यात हौसाबाई टोपली घेऊन आली. तिची लेक शेवंता बाळंतपणाला माहेरी आली होती. "हिला रोग पडलाय," म्हणत हौसाबाईनं मेथी उपटून उकिरड्यावर फेकली आणि माठाची कोवळी पानं खुडायला घेतली.

"आई, आजपण माठच?" शेवंतानं दारातून विचारलं.

"माठानं रक्त वाढतं, बाई. तुझ्या अंगी लागेल आणि बाळाच्याही."

ते ऐकून माठाला मेथीचं बोलणं आठवलं. त्यानं मेथीला हाक मारली, पण वाफ्यात तिची जागा रिकामी होती.