महालाच्या अंगणात राई

"काळकाईची राई मला इथे, माझ्या खिडकीखाली हवी! नाहीतर ती तोडून नव्या दरबाराचे खांब करतो!" राजे जानराव भरल्या दरबारात कडाडले.

त्याचं असं झालं होतं. दरवर्षी जत्रेला राजे डोंगरावरच्या काळकाईदेवीच्या देवराईत जात आणि तिथल्या गारव्यात अशी झोप काढत, की देवीची आरती कधी झाली हेही त्यांना कळत नसे. तशी झोप महालात काही येईना. मग खिडकीखालच्या मोकळ्या अंगणातच राई करायचं त्यांनी मनावर घेतलं. दूरच्या रानातून चाळीस झाडं मुळांसकट खणून बैलगाड्यांनी आणली आणि ओळीने लावली. पण राजवाड्याची शिस्त कडक! पडलेलं पान जमिनीवर राहता कामा नये, मुंगी दिसता कामा नये, रोज दोनदा झाडलोट. सहा महिन्यांत चाळीसच्या चाळीस झाडं वाळली. माळ्यांची हजेरी घेऊन झाली, तरी राजांचा राग उतरेना. आपल्याला नाही तर कुणालाच नाही, अशा हट्टाला ते पेटले होते.

डोंगरावरच्या त्या राईची राखण आणि देवीची पूजा आवडी गुरवीण करायची. राई तुटली की तिच्यातला झरा आटणार आणि खालच्या तीन वाड्या पाण्याला मुकणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती दरबारात पुढे झाली.

"आणते की, सरकार."

दिवाण माधोपंतांना ठसका लागला. "अगं बाई, गाड्या किती लागतील?"

"एकबी नको. तिची ती येईल. मला तीन दसरे द्या आणि हे अंगण द्या. आत झाडू नको, कोयता नको, शेळी नको. माळी तर नकोच नको."

"आणि तू काय करणार?" राजांनी विचारलं.

"दारात बसणार."

राजांना गंमत वाटली. "दिलं! पण तिसऱ्या दसऱ्याला राई दिसली नाही, तर कुऱ्हाडी निघाल्याच म्हणून समज."

आवडी काठी घेऊन खरोखरच दारात बसली. वाळलेली झाडं तिने होती तशीच राहू दिली. पानं पडली ती पडली, तिथेच कुजली. पहिल्या पावसाळ्यात टाकळा माजला आणि कमरेइतकं गवत वाढलं. माळ्यांचे हात शिवशिवत होते, पण काठी आडवी यायची.

राजे खिडकीतून ओरडले, "बाई, ही राई की उकिरडा?"

"उन्हानं जमीन भाजली व्हती, सरकार. गवत तिला पांघरूण घालतंय. उघड्या अंगाला झोप लागती व्हय?"

पुढच्या वर्षी वाळवीने वाळकी खोडं पोखरली. काही आडवी झाली आणि त्यांच्यावर अळंबी उगवली. जी उभी राहिली, त्यांच्या फांद्यांवर बुलबुल येऊन बसू लागले. पाठोपाठ त्यांच्याच खाली करवंदीची आणि बोरीची रोपं आली. किडे आले म्हणून सरडे आले आणि सरड्यांच्या मागावर मुंगूस आलं. राणीसाहेबांच्या दासींनी तर तो रस्ताच सोडला.

"हे काटे कुणी लावले?" राजांनी विचारलं.

"बुलबुलांनी. खायचं डोंगरावर, बसायचं इथं. बसल्या जागी पेरणी!"

तिसरा दसरा उजाडला. सोनं लुटून झालं आणि राजे दोन महिन्यांच्या युवराजांना हातावर घेऊन अंगणाच्या दाराशी आले. मागे कुऱ्हाडवाले उभेच होते. आत बघतात तर काटेरी जाळ्या, गवत आणि पायाखाली कुजलेल्या पानांची मऊ माती.

"झाड कुठे आहे?"

आवडीने काठीने करवंदीची जाळी बाजूला सारली. आत वीतभर उंचीचा जांभळाचा कोंब होता.

"आली बघा राई. काट्यात वाढली म्हणून सशाच्या तोंडी न्हाई पडली."

राजांचा चेहरा लाल झाला. "माझी थट्टा करतेस? काढा रे कुऱ्हाडी!"

"काढा, सरकार. पण ह्याचं बी डोंगरावरच्या राईतनं आलंय, आणि मागनं हिरडा येईल, ऐन येईल, तेबी तिथनंच येणार. ती तोडलीत तर ही इथंच थांबली."

"पण ही राई आहे कुठे? वीतभर कोंबाला राई म्हणायचं?"

आवडी दिवाणांकडे वळली. राजांच्या हातावरच्या बाळाकडे बघत तिने विचारलं, "पंत, ह्ये कोण?"

"हा काय प्रश्न झाला? युवराज! या राज्याचे धनी!"

"घोड्यावर बसत्यात?"

"छे! अजून मानसुद्धा धरत नाहीत."

"न्यायनिवाडा करत्यात?"

"वेडी की खुळी गं तू?"

"मग सकाळी तुम्ही त्यांना वाकून मुजरा का केलात?"

पंत पागोटं सावरू लागले.

आवडी राजांकडे वळली. "सरकार, धनी जन्मले तवा सगळ्या मुलखात नगारं वाजलं. उंची कुणी मोजली न्हाई. मग आमच्याच लेकराला माप का लावता?"

राजे क्षणभर गोरेमोरे झाले. त्यांनी बाळाकडे पाहिलं, कोंबाकडे पाहिलं आणि इतक्या मोठ्याने हसले, की युवराजांनी भोकाड पसरलं. हसता हसताच त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून आवडीच्या हातावर ठेवलं.

"दरबाराचे खांब दगडाचे करा! डोंगरावरच्या राईला कुणी हात लावायचा नाही आणि या अंगणातही पाऊल टाकायचं नाही. आणि पंत, बघता काय? नवा धनी आलाय, मुजरा करा!"

पंतांनी कंबर वाकवून कोंबाला मुजरा केला. वाकल्यावर त्यांना जाळीत आणखी तीन कोंब दिसले. सरळ होण्याच्या आधी त्यांनी राजांकडे हळूच बघितलं. राजांनी मान हलवली, आणि पंत पुन्हा वाकले.